बनवणाऱ्याची ओळख पटत नाही

अकोला, ९ ऑगस्ट २०२५

अनुप,

सुरुवात ‘तुम्ही’ने केली होती. दोन ओळी झाल्यावर माझं मलाच हसू आलं, म्हणून खोडल्या. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच लिहितेय. कामाचं पत्र आहे, कामापुरतंच लिहिते.

आईचा जुना कंप्युटर मंगळवारी जळाला. गल्लीत व्होल्टेज एकदम वाढलं, शेजाऱ्यांचा फ्रिजही गेला. नागपूरच्या एका ट्रस्टने आईसारख्या पेशंटसाठी नवा लॅपटॉप दिलाय. त्यात मराठी बोलणारं सॉफ्टवेअर आहे आणि ते चांगलं चालतं. पण तू केलेली डबी तो लॅपटॉप घेत नाही. पेनड्राइव्हवर जपून ठेवलेला, डबी चालवणारा तुझा ड्रायव्हर प्रोग्रॅम टाकायला गेलं की पाटी येते, यावर मान्य असलेली डिजिटल सही नाही, बनवणाऱ्याची ओळख पटत नाही. बस, पुढे काहीच नाही.

तू गेलास तेव्हा आईची बोटं अजून हलत होती. आता फक्त उजवा गाल हलतो, तोही जरासा. बाजारातली बटणं बोटाने दाबायची असतात. डोळ्यांवर चालणारं यंत्र ट्रस्टवाल्यांनी आणून पाहिलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला जो जाड चष्मा लागला, त्यातून ते तिचे डोळे धरतच नाही. तुझी गालावर चिकटवायची पट्टी आणि ती डबी, एवढंच तिला चालतं. गाल हलला की पडद्यावरचं अक्षर निवडलं जातं, अक्षरांचा शब्द होतो, आणि यंत्र तो मोठ्याने बोलतं. हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं.

नवा ड्रायव्हर तुझ्याकडे आहे का?

फोन करत नाही. फोनवर आपलं काय होतं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

आई बरी आहे.

प्रणाली


१८ ऑगस्ट

अनुप,

उत्तर मिळालं. तीन ओळींचं होतं, पण मिळालं.

तू सांगितलंस तसं केलं. म्हणजे शाकीबभाईंनी केलं. गांधी रोडवर त्यांचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. घरी येऊन त्यांनी मशीन बंद केली, सुरू होताना मध्येच थांबवली, निळ्या पडद्यावरचं ते बटण दाबलं आणि सहीची तपासणी तेवढ्यापुरती बंद केली. मला म्हणाले, “मॅडम, चोर नाही हा ड्रायव्हर. बस, याची पहचान देणारं कोणी नाही.” डबीचा दिवा लागला. मी आईच्या गालावर पट्टी लावली.

ती इतके दिवस गप्प होती, तेव्हा पहिलं काय बोलेल याची मला धास्ती होती. गाल हलत होता, हलत होता, आणि मग यंत्रातल्या बाईने तिच्या त्या बातम्या सांगायच्या आवाजात म्हटलं, “टीव्हीवरची शिरेल बदला. ते सून रडते अन् मी पायते. मले काही सांगता येत नाही.”

आशाबाई पोट धरून हसल्या. त्या दिवसभर आईजवळ असतात, तू गेल्यावर आल्या. तुला कशा माहीत असतील?

आई मग तुझ्याबद्दल विचारू लागली. मी म्हटलं, बरा आहे. तुझ्या तीन ओळींत तेवढंही नव्हतं, मी आपलं म्हटलं.

प्रणाली


४ सप्टेंबर

अनुप,

या उपायाचं एक आहे. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झाली की तपासणी पुन्हा चालू, डबी पुन्हा बंद. मग कोणीतरी ते बटण दाबेपर्यंत आई मुकी. आशाबाईंना शिकवून पाहिलं. इंग्रजी अक्षरांचा निळा पडदा आला की त्या हात मागे घेतात. “माह्या हातानं काही बिघडलं तं आई बोलाच्याच बंद होतीन,” म्हणतात.

शाकीबभाई तपासणी कायमची बंद करायला निघाले होते, पण तिथे ट्रस्टचा पासवर्ड लागतो. ट्रस्टच्या मॅडमना फोन केला. गोड बोलल्या आणि नाही म्हणाल्या. एकाच्या मशीनचं कुलूप काढलं तर सगळ्यांचं काढावं लागेल, आणि या मशिनी हॉस्पिटलांना जोडलेल्या असतात. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. पॉलिटेक्निकमध्ये मी स्वतः हेच शिकवते. ड्रायव्हर हा कंप्युटरच्या पार आतल्या खोलीत वावरणारा. तो कोणाचा, कुठून आला, हे न विचारता आत घेतलं तर घर कोणाचं राहील? फळ्यावर लिहून देते मी हे पोरांना. मग शाकीबभाईंनी एक जुना कंप्युटर शोधून आणला. चार दिवस चालला आणि बंद पडला.

आई विचारत होती, “काहून बंद पडते हे?” मी तिला समजेल असं सांगितलं. आई, दारावर पहारेकरी बसवलाय. आत येणाऱ्याने ओळखीच्या माणसाची सही दाखवायची. आपल्या डबीवर जुनी सही आहे, ती या पहारेकऱ्याला चालत नाही.

बराच वेळ तिचा गाल हलत होता. मग यंत्रातली बाई म्हणाली, “अनुपनं बनवलं हे मी सांगते ना. मले कोणी इचारत नाही का?”

मी हसले आणि मग स्वयंपाकघरात गेले.

अमरावतीचं ते शेवटचं वर्ष आठवतं तुला? रुक्मिणीनगरातल्या दोन खोल्या, दारावर आपण दोघांनी रंगवलेली ‘साद इन्स्ट्रुमेंट्स’ची पाटी. ‘द’ तुझा वाकडा आला होता. अंजनगाव सुर्जीचे एक काका, पोरासाठी आपल्याकडूनच नेलेली डबी पिशवीत घालून बसने आले होते. घरी नवा कंप्युटर घेतला आणि डबी चालेना. तू त्यांना नियम समजावत होतास. आता बनवणाऱ्याची सही चालत नाही, आधी फर्मची ओळख पटवायची, मग वरून, कंप्युटरची सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीकडून, मोहर आणायची. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पन मागच्या मयन्यात तं चालत होती.” त्यांच्यामागून मोर्शीहून एक डबी आली, मग नागपूरहून. टेबलावर डब्या साचत गेल्या. एकही बिघडलेली नव्हती, सगळ्या चांगल्या. दर बदलाला नवी तपासणी, नवी मोहर. दोन माणसांच्या फर्मला ते झेपलं नाही.

मग तुला परदेशातली, आइंडहोवनची नोकरी आली. मी मागून येते म्हटलं होतं, आणि ते खरं होतं. पण आईच्या हातून चहाचा कप पडायला लागला होता.

लोक अजून विचारतात, तुमचं कशावरून बिनसलं. सहीवरून, असं सांगितलं तर कोणाला पटेल?

हे कामाचं नव्हतं. सोडून दे.

प्रणाली


१९ सप्टेंबर

अनुप,

हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून मोबाइलवर लिहितेय, चुका असतील.

काल दुपारी लॅपटॉप आपोआप बंद होऊन सुरू झाला. कसलासा अपडेट होता. आशाबाई दळण आणायला कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. आईच्या घशात कफ अडकला. असं झालं की ती गाल दाबून धरते आणि घंटा वाजते, आशाबाई येऊन कफ ओढून काढतात. ती घंटाही त्या डबीवरच चालते.

ती गाल हलवत राहिली असणार. किती वेळ, कोणालाच माहीत नाही. आशाबाई आल्या तेव्हा ओठ काळे पडले होते. त्यांनी तसाच यंत्राने कफ काढला, शेजाऱ्यांना हाका मारल्या, रिक्षा केली. मी वर्गात प्रॅक्टिकल घेत होते, फोन बॅगेत होता.

आई वाचली. छातीत गेलंय थोडं, काही दिवस ठेवतील.

आशाबाई बाकावर बसून आहेत, घरी जा म्हटलं तर जात नाहीत. सारखं म्हणतात, “मी गेली नसती तं.” त्यांना काय सांगू? दळण संपलं होतं म्हणून त्या गेल्या.

पहिल्या पत्रात आई बरी आहे म्हणून लिहिलं होतं. ती तेव्हाही बरी नव्हती. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलंय की आता फार काळ नाही. जितका आहे तितका तिला बोलता येऊ दे.

तिला सही पाहिजे, अनुप. काय लागेल ते कर.


२८ सप्टेंबर

अनुप,

आईला घरी आणलं. पण त्या अपडेटनंतर निळ्या पडद्यावरचं ते बटणही चालेनासं झालंय, आई मुकीच आहे. आशाबाई आता दळणाला जात नाहीत, मीच येताना पीठ आणते.

तुझं पत्र लांब होतं. कामाचंच होतं, पण लांब. दोनदा वाचलं.

म्हणजे मला समजलं ते असं. ड्रायव्हर तू नव्याने लिहिणार, नोकरीवरून आल्यावर. तिथल्या कंपनीची मोहर त्याला वापरता येत नाही, ते बरोबरच आहे. स्वतःची मोहर घ्यायची तर चालू फर्म लागते. आणि ‘साद’ अजून चालू आहे, कारण ती बंद करायचं आपल्या दोघांच्याही मनात आलं नाही.

मी खाली जाऊन कपाट उघडलं. खरंच आहे. वकिलांनी वाटणी केली तेव्हा भांडी निघाली, माझी स्कूटी निघाली, तुझी पुस्तकं निघाली. फर्मची आठवण कोणालाच आली नाही. भागीदार दोन, अनुप आणि प्रणाली, पत्ता रुक्मिणीनगर. कोर्टाने आपल्याला वेगळं केलं त्या दिवशीही आपण तिथे भागीदारच होतो.

तू लिहिलंस, ‘ओळख पटवायला दोघंही लागतील, तुला जमेल का?’

असं विचारायची काय गरज होती? हो म्हण एवढं लिहिलं असतंस तरी चाललं असतं. पत्त्याचं काम मी करते. परवा जाऊन येते अमरावतीला.

तिकडे थंडी सुरू झाली असेल. तुझा तो करडा स्वेटर इथेच राहिलाय. उंदरांपासून वाचावा म्हणून मी तो वरच्या फळीवर ठेवलाय, बाकी काही नाही.

प्रणाली


२ ऑक्टोबर

अनुप,

अमरावतीला जाऊन आले. फर्मचा पत्ता तोच ठेवायला घरमालकांचं संमतिपत्र मिळालं, या मेलसोबत जोडलंय.

खुशालराव थकलेत. ओळखायला वेळ लागला त्यांना, मग ओळखल्यावर बोलणं थांबेना. आपल्या खोल्यांत आता इंग्रजी बोलायला शिकवतात. दाराबाहेर चपलांचा हा ढीग. तू भिंतीला ठोकलेली फळी तशीच आहे, तिच्यावर पोरांच्या पाण्याच्या बाटल्या असतात. मी आत गेले नाही.

खुशालरावांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. “फर्म पुन्हा काहाडून राहिले का तुमी?”

“फक्त कागदापुरती, काका. आईच्या मशीनसाठी सही पाहिजे आहे.”

“अन् जवाई नाही आले?”

मी म्हटलं, “तिकडेच आहेत, सुट्टी नाही मिळाली.”

अनुप, मला सांगता आलं असतं. बसमध्ये मी ठरवूनही ठेवलं होतं की विचारलं तर सरळ सांगायचं. पण ते इतक्या सहज बोलले, जसा तू कोपऱ्यावर दूध आणायला गेला आहेस. मला त्यांचं म्हणणं मोडवेना.

सही करता करता म्हणाले, “तुमी दोघं भांडाचे तं मले खाली आयकू ये. मंग घडीभऱ्यानं हसाचे तेबी आयकू ये. हे क्लासवाले लय चांगले हायेत, पन यायचं काहीच आयकू येत नाही.”

निघताना त्यांनी मोर्शीच्या त्यांच्या बागेतली संत्री दिली, अजून हिरवी. तुझ्यासाठी वेगळी पिशवी बांधली. ती मी घेतली. घरी येऊन दोन्ही पिशव्या एकाच टोपलीत ओतल्या.

मला आता आईजवळ बसायचंय, आशाबाईंना घरी जायचंय.

प्रणाली


१८ ऑक्टोबर

अनुप,

काल पडताळणीचा व्हिडिओ कॉल झाला, आणि त्यावर आज पत्र लिहितेय. विचित्रच आहे. पण काल बोलता आलं नाही.

तुझ्या कानाजवळचे केस पांढरे झालेत. मला वाटलं होतं पडद्यामुळे दिसतंय. मग तू ओळखपत्र दाखवायला पुढे झुकलास तेव्हा नीट दिसले.

ती पडताळणी करणारी बाई किती हळू आणि स्पष्ट बोलत होती! तुम्ही अमुक का? हो. जन्मतारीख? ही. हा पत्ता तुमचा का? हो. मला वाटलं संपलं. मग तिने तुला विचारलं की पडद्यावर दिसणाऱ्या या बाई तुमच्या पार्टनर आहेत, याची तुम्ही खात्री देता का?

तिला फर्मचंच विचारायचं होतं. मला कळत होतं, तुलाही कळत होतं. तरी तू लगेच बोलला नाहीस. मी हातातलं ओळखपत्र खाली ठेवलं. मग तू म्हणालास, “हो. ओळखतो मी यांना.”

मग माझी पाळी आली. मी किती पटकन ‘हो’ म्हटलं ते तू पाहिलंसच.

ती बाई गेली आणि आपण दोघंच राहिलो. कॉल बंद करायचं बटण माझ्याकडेही होतं.

“जेवलीस?” तू विचारलंस.

“हो.”

“आई?”

“आत पडली आहे. बोलतोस?”

“बोलतील कशा?”

“ती ऐकेल ना.”

पण तू मान खाली घातलीस आणि म्हणालास, “सही झाल्यावर बोलतो. त्याही बोलतील तेव्हा.” मग तुझ्याकडे कोणीतरी दार वाजवलं, आणि तू कॉल बंद केलास.

दार कोणी वाजवलं ते विचारत नाही. तो माझा विषय नाही.

दिवाळी तोंडावर आहे. आशाबाईंनी चिवडा केलाय, तिखट.

प्रणाली


८ नोव्हेंबर

अनुप,

झालं. चाललं.

तुझी फाइल एकदा वरून परत आली तेव्हा मी आशा सोडली होती. दुसऱ्यांदा मोहर लागून आली, शाकीबभाईंना बोलावलं. आम्ही सगळे आईच्या खाटेभोवती उभे. डबी जोडली. शाकीबभाई म्हणाले, “बिस्मिल्ला,” आणि बटण दाबलं. या वेळी आडकाठी करणारी पाटी आली नाही. छोटीशी चौकट आली, बनवणारा, साद इन्स्ट्रुमेंट्स, अमरावती. मग दिवा लागला.

मी मशीन मुद्दाम बंद केली. सुरू केली. दिवा लागला. पुन्हा बंद केली, पुन्हा लागला. तिसऱ्यांदा बंद करायला गेले तर आशाबाईंनी हात धरला, “राहू द्या नं आता, मॅडम. आईले बोलू द्या.”

आई बोलली. तुझ्याशी फोनवर ती काय बोलली ते मी ऐकलं नाही, बाहेर जाऊन बसले. तू इतका वेळ होतास फोनवर, अन् ती इतक्या हळू अक्षरं निवडते. एका वाक्याला किती वेळ लागला असेल! तू थांबलास. तू कधीच कोणासाठी असा थांबून राहायचा नाहीस.

संध्याकाळी तिने मला विचारलं, “अनुपनं एकट्यानं केलं का?” मी म्हटलं, नाही, दोघांच्या सह्या लागल्या. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, मग डोळे मिटले.

आता कामाचं काही उरलं नाही. पत्र इथे संपवायला हवं.

काल सहज म्हणून हिशेबाबाहेरची एक गोष्ट केली. अंजनगावच्या त्या काकांचा जुना नंबर सापडला, लावून पाहिला. पोरगा आता मोठा झालाय, डबी अजून घरात आहे. त्यांना म्हटलं, नवा ड्रायव्हर आलाय, पाठवते. काका म्हणाले, “मंग आता मयन्याभऱ्यात बंद नाही पडणार ना?” मी त्यांना ठाम सांगितलं नाही. मोहरेची मुदत तूच सांगितली आहेस. ती संपेल तेव्हा पुन्हा दोघांची ओळख पटवावी लागेल ना?

मी फक्त विचारतेय.

प्रणाली


१५ नोव्हेंबर

अनुपराव,

मी शकुन. प्रणालीची आई. हे मी माह्या गालानं लिवलं. तीन दुपारा लागल्या. पोट्टी कालेजात होती. आशाबाईले सांगतलं का तिले सांगजो नको.

पयले जवाईबुवा म्हनो. आता काय म्हनू हे समजलं नाही म्हून नाव लिवलं. राग मानू नका.

तुमी फोनवर म्हनले का मी बरा हाय. मी म्हनलं पोट्टीबी बरी हाय. दोघंबी खोटं बोललो.

पोट्टी मले म्हंते मी त्याले कामाचं लिवते. लिवताना खुर्ची खिडकीकडं फिरवते. मले पाठ दिसते. पाठ पाहूनबी मायले समजते. तुमचं पत्र आलं का भाजीत मीठ जास्त पडते असं आशाबाई सांगते. मले नळीतून जेवन हाय, मले काय समजाचं.

आता आयका. तुमी मी गेल्यावर येसान. सगळे येतात. तवा लोक म्हनतीन शकुनसाठी आला. तिलेबी तसंच वाटन. अन् दोन दिसांनी तुमी परत जासान.

म्हून मी हाय तवर या. माह्यासाठी नका येऊ. मी जित्ती असताना तिच्यासाठी या. मंग तिले समजन का कोनासाठी आला.

नाही आले तरी माहा राग नाही. तुमी मले बोलाले देलं. माहा सख्खा पोरगा असता तरी त्यानं येवढंच केलं असतं.

गाल दुखते. बस करते.

शकुन


३० नोव्हेंबर

अनुप,

तुझी मेल आली. डिसेंबरात येतोयस, अमरावतीला घरी, तुझ्या आईबाबांकडे. ‘जमल्यास अकोल्याला येऊन आईंना भेटेन’ असं लिहिलंयस.

आईने तुला पत्र लिहिलं हे त्यातूनच कळलं मला. तिला विचारलं, काय लिहिलंस? तिने यंत्रातल्या बाईकडून वदवलं, “माहं माहं.” आशाबाईंना विचारलं तर त्या पदराने लॅपटॉपचा पडदा पुसायला लागल्या. मी पत्र उघडलं नाही. उघडता आलं असतं, पासवर्ड मीच टाकलाय. पण नाही उघडलं.

तर, आईंना भेटायला. त्याची माहिती देते.

आई रात्रीची नीट झोपत नाही, पहाटे तिचा डोळा लागतो आणि ती उशिरापर्यंत उठत नाही. उठल्यावर अंग पुसणं, नळी साफ करणं, औषधं. दुपारी पट्टी लावली की बोलते. तेव्हा तिला भेटायला येणार असशील तर आधी घरी जा, जेव, आराम कर आणि मग दुपारच्या बसने अमरावतीहून ये. ते सोयीचं पडेल. आशाबाई चहा करतील. मी तेव्हा कॉलेजात असते.

पण मुंबईहून येणारी तुझी गाडी पहाटे आधी अकोल्याला येते. बडनेरा, अमरावती नंतर. त्या वेळी आई झोपलेली असते आणि आशाबाई आलेल्या नसतात. घरात जागी मी एकटीच असते.

गाडी थांबते इथे, बऱ्यापैकी वेळ. तिकीट अमरावतीपर्यंतचं असलं तरी अकोल्याला उतरता येतं.

प्रणाली